डबा गाडीत राहणार नाही

नाशिकला वाइन टेस्टिंगला निघालेल्या मित्रमंडळींत हल्ली एक वाक्य हमखास ऐकू येतं : "डबा कशाला? तिथे चीज प्लॅटर मिळतं की!" तरीही कुणी घरून दशम्या आणि चटणी आणलीच, तर वायनरीच्या पार्किंगमध्ये दबक्या आवाजात सूचना होते, "ते गाडीतच राहू दे, बरं दिसत नाही." या 'बरं दिसत नाही'चा मला मनापासून राग आहे. ज्या घरात ती दशमी भाजली गेली त्या घराची लाज, ज्या मातीत तो शेंगदाणा पिकला त्या मातीची लाज, आणि हे सगळं कुठे, तर त्याच मातीतल्या द्राक्षांची वाइन प्यायला आलो असताना!

समोरच्यांचं म्हणणं आधी नीट मांडतो. ते म्हणतात, वाइन चाखणं ही गंभीर गोष्ट आहे. तिला स्वच्छ जीभ लागते, शांतता लागते. आपला स्वयंपाक म्हणजे फोडणी, तिखट, लसूण, हिंग. त्यापुढे वाइनचा निभाव लागत नाही, चव मरते. सोबत खायचंच असेल तर चीज, क्रॅकर आणि ऑलिव्ह, कारण जगभर तेच खातात. चटई पसरून डबे उघडणं शाळेच्या सहलीला शोभतं, वायनरीत नाही. शिवाय पहाटे उठून डबे भरायचा व्याप कुणी करायचा? पैसे टाकले की तिथे सगळं मिळतं. हे मत मांडणारे लोक शिकलेले आहेत, फिरलेले आहेत, आणि ठामपणे बोलतात. म्हणून त्याचा एकेक खांब तपासून पाहायला हवा.

सुरुवात चीजपासून करू. चीज आणि वाइनची जोडी जन्माचीच, हे इतक्यांदा सांगितलं गेलंय की तपासून बघावं असं कुणाला वाटत नाही. तपासणी मात्र झालेली आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या केंद्रातल्या बर्निस माद्रिगाल-गालान आणि हिल्डेगार्ड हेमन यांनी २००६ साली आपला अभ्यास प्रसिद्ध केला. प्रशिक्षित चाखणाऱ्यांना त्यांनी आठ रेड वाइन आणि आठ प्रकारचं चीज दिलं होतं. चीज खाल्ल्यावर वाइनमधला फळांचा वास, ओकच्या पिंपाचा वास, आंबटपणा, तुरटपणा असं बहुतेक सगळं मंदावलं. वाढला तो लोण्यासारखा वास. जुन्या इंग्रज वाइन-व्यापाऱ्यांना हे प्रयोगशाळेशिवायच ठाऊक होतं. खरेदी करताना ते सफरचंदाच्या फोडीबरोबर चाखत, कारण तिच्यासोबत वाइनचे दोष उघडे पडतात. विकताना गिऱ्हाइकापुढे चीज ठेवत, कारण ते दोष झाकतं. टेस्टिंगला माणूस जातो तो या वाइनमध्ये आणि त्या वाइनमध्ये फरक काय, हे कळावं म्हणून. मग तो फरक पुसट करणारा पदार्थच तिथला एकमेव मानाचा पदार्थ कसा ठरला?

'जगभर तेच खातात' हेही खरं नाही. फ्रान्समध्ये लोआर नदीच्या खोऱ्यात साँसेरच्या पांढऱ्या वाइनबरोबर शाव्हिन्योल गावचं बकरीच्या दुधाचं चीज खातात, कारण ते गाव त्याच द्राक्षबागांमध्ये वसलंय. स्पेनमधल्या हेरेसला शेरीबरोबर बदाम आणि ऑलिव्ह येतात. जर्मनीत शरद ऋतूत अर्धवट आंबलेली नवी वाइन येते तेव्हा तिच्यासोबत चक्क कांदा घातलेला खारा केक असतो. व्हिएन्नात वाइनबरोबर पावाला लावून लिप्टाउअर खातात. त्यात मऊ चीज असतं खरं, पण त्यात पाप्रिकाची लाल पूड, कांदा आणि शहाजिऱ्यासारखं कॅरवेही असतं. या सगळ्यांनी केलं काय, तर आपल्या वाइनशेजारी आपल्या जवळचं अन्न ठेवलं. त्यांची नक्कल करायची असेल तर ही करा ना! आपल्याकडे मात्र प्रोसेस्ड चीजचे चौकोनी तुकडे, डब्यातले ऑलिव्ह आणि कारखान्यातली बिस्किटं एका लाकडी फळीवर मांडली की ते 'जागतिक' होतं. 'नाशिक व्हॅली वाइन' या नावाला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. या खोऱ्याची माती, इथली समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटरची उंची, हिवाळ्यातली गार रात्र, या सगळ्याचा ठसा वाइनमध्ये उतरतो हे आपण अभिमानाने सांगतो. मग त्याच मातीतल्या नागलीला, भुईमुगाला आणि कोथिंबिरीला टेबलाशी मज्जाव का?

आता मसाल्याकडे येतो, कारण सगळ्यात जास्त अज्ञान इथे साठलेलं आहे. 'मसालेदार' या एका शब्दात धणे, जिरे, मिरी, हिंग, हळद, तीळ, खोबरं आणि लाल तिखट सगळं कोंबायचं आणि 'वाइनला चालत नाही' असा एकच निकाल द्यायचा, हा विचार नव्हे, आळस आहे. शिराझमध्ये जो मिरीचा वास येतो तो कशामुळे? रोटंडोन नावाच्या संयुगामुळे. काळ्या मिरीचा वासही त्याच संयुगाचा, असं ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ साली दाखवून दिलं. सोव्हिन्याँ ब्लांमधला हिरवा, ओला वास ज्या पायराझिन संयुगांतून येतो, तीच ढोबळी मिरचीला तिचा वास देतात. म्हणजे तुमच्या पेल्यातल्या वाइनमध्ये आमच्या मसाल्याच्या डब्यातली आणि भाजीच्या टोपलीतली मंडळी आधीच हजर आहेत. जो शिराझमध्ये मिरी हुंगून मान डोलावतो, त्याने मिरी घातलेल्या सुक्या मटणाला नाक का मुरडावं?

खरी अडचण एकाच गोष्टीची आहे आणि ती मी मान्य करतो : तिखटाची आग. अल्कोहोलने ती वाढते, आणि तुरट रेड वाइन तिच्यासोबत आणखी कडवट लागते. म्हणून मिरचीचा ठेचा आणि जोरदार कॅबर्ने यांची गाठ घालू नये. पण यावरून फार तर ठेचा घरी ठेवायचा, सगळा मराठी स्वयंपाक का बाद करायचा? आपल्या घरांत लहान मुलांसाठी, आजारी माणसासाठी, प्रवासासाठी बिनतिखटाचं रोज शिजतं. प्रवासासाठी टिकाऊ, हाताने खाता येण्याजोगं, गार झालं तरी चवीचं अन्न कसं करायचं, याचं ज्ञान तर आपल्याकडे इतकं आहे की दुसऱ्या कुणाकडून शिकण्याची गरजच नाही.

कोथिंबीर वडी घ्या. वड्यांचा उंडा आदल्या रात्री उकडून ठेवायचा. सकाळी निघण्यापूर्वी वड्या कापून थोड्या तेलात दोन्ही बाजूंनी परतायच्या आणि जाळीवर पूर्ण गार होऊ द्यायच्या. इथे घाई करायची नाही. गरम वड्या डब्यात भरून झाकण लावलं की वाफ धरते, झाकणाचं पाणी खाली ठिबकतं आणि दोन तासांत वडी मऊ पडून बोटांना चिकटते. गार झालेल्या वड्या चपट्या स्टीलच्या डब्यात कागद अंथरून एकाच थरात ठेवल्या, तर कसारा घाट चढून गेल्यावरही त्यांच्या कडा खुसखुशीत राहतात. आता हा तुकडा खा आणि वर थंड सोव्हिन्याँ ब्लांचा घोट घ्या. वाइनच्या आंबटपणाने बेसन आणि तेलाचा जडपणा जिभेवरून उतरतो, तीळ दाताखाली येतात, आणि वाइनमधला गवताचा वास कोथिंबिरीच्या शेजारी एकदम स्पष्ट होतो. मघाशी नुसती चाखताना जो वास आहे की नाही याबद्दल चर्चा चालली होती, तो आता कुणाला शोधावा लागत नाही. हे काम ते चीजचे तुकडे करून दाखवतील?

अळूवडीतली चिंच आणि गूळ यांना शेनिन ब्लां हवी. नाशिकच्या बऱ्याच शेनिनमध्ये किंचित गोडवा ठेवलेला असतो, तो गुळाशी जमवून घेतो आणि तिचा आंबटपणा चिंचेपुढे फिका पडत नाही. दशमी दुधात भिजवलेली, म्हणून दुसऱ्या दिवशीही मऊ. तिच्यावर शेंगदाण्याची चटणी, लसूण कमी आणि तिखट नावापुरतं. शेंगदाण्याचं तेल आणि चटणीतलं मीठ रेड वाइनचा तुरटपणा खाली आणतं. खानदेशी भरीत गारच छान लागतं. हिरव्या मिरचीचा हात आखडता घेतला, तर भाजलेल्या वांग्याचा धुरकट वास आणि झिनफँडेलची रोझे यांची चांगली संगत जमते. कळण्याची भाकरी असेल तर सोन्याहून पिवळं. नाशिकचा चिवडा खारट, तेलकट, कुरकुरीत. दिंडोरीकडच्या बुडबुड्यांच्या वाइनला याहून चांगला जोडीदार मला माहीत नाही. साबुदाणा वडा मात्र नेऊ नये, तो कढईतून काढल्या काढल्या खायचा पदार्थ आहे. पुरणपोळी, श्रीखंडही नको. खाणं वाइनपेक्षा गोड असलं की वाइन पाणचट आणि आंबट लागते. गोड लेट हार्वेस्ट वाइन घेणार असाल तर चार सुके अंजीर पुरे. काकडी, साधी भाकरी आणि भरपूर पाणी हवंच, कारण दोन वाइनच्या मध्ये जीभ धुवायला त्याहून चांगलं काही नाही. पांढरी वाइन आठ-दहा अंशांवर प्यायची, आणि नाशिकच्या दुपारी ती बघता बघता कोमट होते, म्हणून बर्फाची पेटी विसरायची नाही.

आता 'शाळेची सहल' या आरोपाबद्दल. शेतात बसून खाणं ही आपल्याकडे पोरांची गोष्ट कधीपासून झाली? कार्तिकात आवळीच्या झाडाखाली पंगत बसते ती मोठ्यांची. हिवाळ्यात ज्वारी हिरवी असताना सोलापूर, नगर, मराठवाड्यात हुरडा पार्ट्या होतात. गोवऱ्यांच्या आगटीत कणसं भाजतात, गरम कणीस तळहातावर चोळून दाणे काढतात, सोबत तिळाची किंवा शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ. ज्याच्या शेतात हे पिकलं त्याच्याच बांधावर बसून पिकाची पहिली चव घ्यायची, मित्रांना बोलावून घ्यायची, हा आपला जुना रिवाज आहे. वाइन टेस्टिंग याहून वेगळं काय आहे? हंगामही तोच. नाशिकच्या वाइनच्या द्राक्षांची काढणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये चालते. युरोपात काढणी शरद ऋतूत होते, आपल्याकडे ऐन हुरड्याच्या दिवसांत सुरू होते. हुरड्याला आलेल्या पाहुण्याने 'इथे चीज मिळतं का' असं विचारलं, तर यजमान शेतकऱ्याला काय वाटेल? मग द्राक्षाच्या शेतात डबा उघडला की तोंडं वाकडी का होतात?

या आक्षेपामागे वाइनबद्दलची काळजी नाही, स्वतःबद्दलचा संकोच आहे, असं मला वाटतं. आपल्याकडे वाइन फ्रान्सच्या नावांनी आली. नव्वदच्या दशकात गंगापूर धरणाच्या परिसरात सोव्हिन्याँ ब्लां आणि शेनिन ब्लांच्या वेली लावल्या गेल्या तेव्हा द्राक्षाच्या नावापासून पेल्याच्या आकारापर्यंत सगळं बाहेरचं होतं, आणि ते स्वाभाविकही होतं. पण आज त्या वेलींवर खरड छाटणी आणि गोडी छाटणी करणारे हात इथले आहेत, फवारणी कधी करायची हे ठरवणारा बागायतदार इथला आहे, मोहाडी-पिंपळगावच्या घरांत अवकाळी पावसाच्या बातमीने झोप उडते. वाइन इथली झालेली आहे. तिच्याभोवतीची माणसंच अजून पाहुण्यासारखी अंग चोरून बसली आहेत. हे नवं सोवळं आहे, आणि जुन्याइतकंच निरर्थक आहे.

रिकाम्या पोटी, कोऱ्या जिभेने चाखावं, हा मुद्दा व्यावसायिक चाखणाऱ्यांसाठी ठीक आहे. ते दिवसाला डझनावारी वाइन चाखतात आणि प्रत्येक घोट थुंकून टाकतात. तुम्ही थुंकता का? मित्रांबरोबर गेलेला माणूस गिळतो. पाच-सहा वाइन, प्रत्येकीचे तीस-चाळीस मिलिलिटर, म्हणजे दोनशे मिलिलिटरच्या घरात गेली, आणि तीही सकाळी सहाला ठाण्याहून किंवा पुण्याहून निघून वाटेत एक वडापाव खाल्लेल्या पोटात. २०२२ च्या जानेवारीत सुपरमार्केटमध्ये वाइन विकण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला तेव्हा वाइन म्हणजे दारू की नाही यावर रान पेटलं होतं. माझं मत साधं आहे : बारा-तेरा टक्के अल्कोहोल असलेलं पेय ही दारूच आहे, आणि म्हणूनच तिच्यासोबत पोटभर अन्न हवं. पोटात अन्न असलं की अल्कोहोल जठरातून पुढे सावकाश सरकतं आणि रक्तात हळूहळू चढतं. चार क्रॅकर आणि तीन ऑलिव्ह यांनी हे काम होत नाही, भाकरी-भरिताने होतं. अर्थात पोट भरलंय म्हणून गाडी चालवता येते असा अर्थ कुणी काढू नये. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमहून जास्त अल्कोहोल सापडलं तर पहिल्याच गुन्ह्याला दहा हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. गाडी चालवणाऱ्याने त्या दिवशी वाइन घ्यायचीच नाही. त्याच्यासाठी डब्याशेजारी कोकम सरबताची बाटली ठेवा, म्हणजे तोही पंगतीतला राहील.

आणि व्याप कुणाचा? हा आक्षेप घेणारे बहुतेक वेळा असं धरून चालतात की डबा बायकांनीच भरायचा. ही तक्रार खरी आहे, पण तिचा रोख चुकलाय. डबा बंद करून ती सुटत नाही, डबा भरणारे हात बदलून सुटते. सहा जण निघालेत ना? एकाने वड्या, एकाने दशम्या, एकाने चिवडा आणि काकडी, एकाने बर्फ आणि पाणी, एकाने ताटल्या, चाकू, कचऱ्याच्या पिशव्या, आणि जो गाडी चालवणार त्याला सगळ्यातून सूट. वाइनच्या वासातले बारकावे ओळखण्यासाठी तासभर नाक पेल्यात घालून बसणाऱ्या पुरुषाला शेंगदाणे भाजून चटणी कुटता येत नाही, हे मी मान्य करणार नाही.

शेवटी वायनऱ्यांशी बोलायचं आहे, कारण डबा गाडीत राहतो तो निम्मा लाजेमुळे आणि निम्मा दारावरच्या पाटीमुळे : बाहेरचे खाद्यपदार्थ आणण्यास मनाई. टेस्टिंगच्या खोलीत लसणीचा वास नको, हे मला पटतं. तिथे डबा उघडूच नये. पण हिरवळ मोकळी पडलेली असताना, तिच्या कोपऱ्यात झाडाखाली चार टेबलं मांडायला हरकत कसली? गिऱ्हाईक रेस्टॉरंटमधून कमी होईल ही भीती असेल तर व्हिएन्नाकडे बघा. १७८४ साली सम्राट दुसऱ्या जोसेफने तिथल्या द्राक्षबागायतदारांना आपली वाइन आपल्याच घरी विकायची मुभा दिली, आणि लोक घरून खाणं बांधून घेऊन तिथल्या बाकांवर बसू लागले. त्या अंगणांतल्या बैठकी आज त्या शहराची ओळख आहेत. डबेवाल्या गिऱ्हाइकाने तिथे कुणाचं नुकसान केलं? उलट पोट भरलेला माणूस निवांत बसतो, दुसरी बाटली मागवतो, आणि पुढच्या वेळी आई-वडिलांना घेऊन येतो, कारण त्यांना खाता येईल असं काहीतरी तिथे असेल याची आता त्याला खात्री असते.

परवानगी नसताना चोरून डबा उघडा, असं मी सांगत नाही. वायनरीतून घेतलेली बाटली धरणाच्या काठावर किंवा रस्त्याच्या कडेला उघडा, असं तर मुळीच नाही. तो कायद्याने गुन्हा आहे आणि तिथे फुटलेली काच गुराख्याच्या पायात जाते. निघण्याआधी फोन करा. विचारा, आमचा डबा आहे, हिरवळीवर बसायला जागा द्याल का? जागेचे पैसे मागितले तर द्या. नाही म्हणाले तर कारण विचारा आणि दुसऱ्या वायनरीला फोन लावा. पन्नास गटांनी एका हंगामात हा प्रश्न विचारला तर पाटी बदलेल, कारण गिऱ्हाईक काय मागतंय ते धंदा करणाऱ्याला लवकर कळतं. आणि वायनरीवाल्यांनो, सावलीत टेबलं मांडा, हात धुवायला नळ द्या, ओल्या-सुक्या कचऱ्याचे दोन डबे ठेवा, तासाचं भाडं लावा. तुमच्या शिराझबरोबर आमची दशमी कशी लागते, ते तुमच्याच वाइनमेकरला आमच्या चटईवर बसवून आम्ही चाखायला देऊ.